छताला घाम येतो तेव्हा

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा गिरणेच्या काठी थंडी सुरू झालेली असेल. कपाशीच्या वेचण्या चालू असतील, बऱ्याच घरांत एक खोली कापसाने भरलेली असेल. आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या बाईला छताच्या कोपऱ्यात ओल दिसू लागली असेल. पाऊस जाऊन दोन महिने झाले, वर पाण्याची टाकी नाही, नळ नाही. मग हे पाणी आले कुठून? या वेळचे संपादकीय या एका प्रश्नावर लिहायचे ठरवले आहे.

स्त्रियांच्या हक्कांसाठी चालवलेल्या त्रैमासिकाने छताच्या ओलीवर पाने का खर्च करावीत, असे काही जणींना वाटेल. मारहाण, हुंडा, मजुरी, सातबाऱ्यावरचे नाव हे प्रश्न काही संपलेले नाहीत. पण भडगाव तालुक्यात गटांच्या बैठका घेताना गेल्या काही वर्षांत मला एक गोष्ट वारंवार दिसते. घरात ओल आली की तिचे कारण शोधण्याआधी दोष ठरतो, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या बाईवर ठरतो. तिने पाणी जास्त सांडले, तिने झाडझूड केली नाही, तिचा पायगुण वाईट. दोष एकदा ठरला की कारण कोणी शोधत नाही. पैसा भलत्या जागी खर्च होतो, ओल तशीच राहते आणि बोलणी वाढत जातात. म्हणून हा प्रश्न गवंड्याचा आहे तितकाच आपलाही आहे.

आधी आपली घरे कशी बदलली ते पाहू. खानदेशातली जुनी घरे धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि सगळ्यांत वर खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर. छतातच एक भोक ठेवलेले असे, त्याला साणे म्हणत. त्यातून खाली उजेड येई आणि चुलीचा धूर वर जाई. धाब्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. दर पावसाळ्याआधी माती टोपल्यांनी वर चढवायची, भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची, हे सगळे काम बाईच्याच अंगावर होते. धाबे गळायचे, धुराने डोळे जायचे, खोकला जन्माला पुरायचा. बायकांना पक्के घर हवे होते ते या सगळ्यातून सुटण्यासाठी, आणि त्यात काही गैर नाही.

पक्की घरे आली. १९८५ पासून इंदिरा आवास योजनेतून आली, २०१६ पासून पंतप्रधान आवास योजनेतून आली, काहींनी कापसाच्या चार चांगल्या वर्षांत स्वतःच्या पैशाने बांधली. ज्यांना तेही जमले नाही त्यांनी धाबे उतरवून पत्रे टाकले. भिंत पातळ झाली, छत पातळ झाले, दारे-खिडक्या घट्ट बसू लागल्या आणि साणे गेले. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, त्यानंतर गरिबांच्या घरांतही गॅसची शेगडी पोहोचली. डोळ्यांची आग थांबली, ही साधी गोष्ट नाही. पण या बदलात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. धूर डोळ्यांना दिसत होता म्हणून त्याला बाहेर जायला वाट ठेवलेली होती. वाफ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नव्या घरात तिला वाटच ठेवली गेली नाही.

याचे परिणाम कसे होतात ते सांगते. नावे आणि गावे देत नाही.

एका घरी उन्हाळ्यात मुलाचे लग्न झाले. लग्नाआधी घाईने स्लॅबची एक खोली बांधली होती. नवी सून त्या खोलीत राहू लागली, शेगडीही तिथेच मांडली. डिसेंबरात त्या खोलीचे छत सकाळी ओले दिसू लागले, महिनाभरात कोपऱ्यात काळे ठिपके आले. सासू म्हणाली, "घर रडी ऱ्हायनं." घर रडते आहे, म्हणजे ज्या बाईच्या येण्याने रडते ती अपशकुनी. गोष्ट सुनेला भगताकडे नेण्यापर्यंत गेली. वास्तविक नव्या स्लॅबच्या पोटात बांधकामाचे पाणी असतेच, ते वाळायला वर्षभर तरी लागते. त्यात थंडीमुळे खिडकी बंद आणि शेगडी आत. त्या खोलीत कोणीही राहिले असते तरी छत ओले झालेच असते.

दुसऱ्या एका गावात बचत गटातल्या एका बाईने छत गळते म्हणून कर्ज काढले आणि स्लॅबवर डांबराचा लेप मारून घेतला. लेप मारणाऱ्याने येऊन वर पाहिले, खाली पाहिलेही नाही. पुढच्या थंडीत छत पुन्हा ओले झाले, कारण ते गळत नव्हतेच. हप्ते मात्र तिने निंदणी-वेचणीच्या मजुरीतून फेडले. पैसे बुडाल्याची बोलणीही तिलाच बसली.

तिसरी गोष्ट कापसाची. भाव वाढेल या आशेने आपल्याकडे कापूस घरातच ठेवतात. घरातली कोरडी आणि हवेशीर खोली त्याला मिळते, माणसे उरलेल्या खोलीत दाटीने राहतात. त्या खोलीतही छतावरून थेंब पडले तर खालचा कापूस पिवळा पडतो. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्याच्यावर कपात होते आणि १२ टक्क्यांच्या पुढे माल घेत नाहीत. गावात येणारा व्यापारी तर बोट लावून भाव पाडतो. वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो, आणि ज्या दिवशी भाव पडतो त्या दिवशी संध्याकाळी घरात काय होते हे मी वेगळे सांगायला नको.

या तिन्ही घरांत पाणी कुठून आले हे विचारायला हवे होते. विचारायचे कसे, ते समजून घेण्यासाठी घरातल्या दोन भांड्यांकडे पाहू. मातीचा माठ बाहेरून ओला असतो, कारण आतले पाणी त्याच्या भिंतीतून पाझरते. थंड पाणी भरलेला स्टीलचा तांब्याही बाहेरून ओला होतो, पण स्टीलमधून पाणी पाझरत नाही. ते पाणी हवेतले असते. गार तांब्याला हवा लागली की हवेतल्या वाफेचे पाणी होऊन ते तांब्यावर बसते. छताचेही असेच आहे. काही छते माठासारखी असतात, काही तांब्यासारखी. माठासारख्या छताला वरून दुरुस्ती हवी. तांब्यासारख्या छतावर वरून कितीही डांबर ओतले तरी उपयोग नाही, त्याला खालून उपाय हवा.

हवेत वाफ किती मावते हे ती किती गरम आहे त्यावर ठरते. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना १७ ग्रॅम आणि १० अंशांना ९ ग्रॅमच्या थोडी वर. हवा गार झाली की जास्तीची वाफ पाणी होऊन बाहेर पडते. आपल्याकडे थंडीत आकाश निरभ्र असते. अशा रात्री छत आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते. पत्रा पातळ असल्याने तो झपाट्याने गार होतो, बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. स्लॅब हळूहळू गार होतो आणि पहाटे सगळ्यांत गार असतो. नेमक्या त्याच वेळी आपण खाली अंघोळीचे पाणी तापवतो आणि भाकरीचा तवा टाकतो.

आता घरात वाफ किती तयार होते ते मोजू. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि कातडीतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत जाते. पाच माणसे आठ तास एका खोलीत झोपली तर दीड लिटर पाणी झाले. १० बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीतली सगळी हवा २० अंशांना पूर्ण भरली तरी तिच्यात अर्ध्या लिटरच्या थोडी वर वाफ मावते. उरलेली फटीतून बाहेर गेली तर ठीक, नाहीतर ती छतावर, भिंतीवर आणि कापसावर बसणार. त्यात गॅसची भर आहे. गॅस जळतो तेव्हा त्यातूनच पाणी तयार होते. १४.२ किलोची एक टाकी संपेपर्यंत घरात २० लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने सोडून जाते. त्यात डाळ-भाताची वाफ, अंघोळीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे हे सगळे धरलेले नाही. म्हणजे बाई काही निष्काळजी नसते. माणसे श्वास घेतात, जेवतात, अंघोळ करतात आणि घराला ती वाफ बाहेर टाकण्याची सोय नसते, एवढेच.

आता आपल्या घरातली ओल कोणती हे कसे ओळखायचे? यासाठी इंजिनियर लागत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. घरात सगळ्यांत जास्त वेळ असणारी बाई लागते. छत कोणत्या वेळी ओले होते, कुठे ओले होते, कधी सुकते, हे तिला आधीच ठाऊक असते. तिला कोणी विचारलेले नसते, एवढेच.

पहिले म्हणजे वेळ पाहा. पाऊस पडल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ओल वाढत असेल तर गळतीचा संशय घ्यावा. कोरड्या थंडीत पहाटे किंवा स्वयंपाकाच्या वेळी वाढत असेल आणि दुपारी ऊन तापल्यावर जात असेल तर ती वाफेची. पावसाचा संबंध नाही, स्वयंपाकाचाही नाही, बाराही महिने एकाच जागी ओल आहे, तर वरची टाकी, नळ किंवा शेजारची मोरी तपासावी.

दुसरी गोष्ट जागा. गळतीचा डाग बहुधा एका जागी असतो, त्याला पिवळी-तपकिरी कड असते, तो जोडाजवळ, तड्याजवळ किंवा पाइपाजवळ असतो. वाफेची ओल पसरलेली असते, बारीक थेंबांची असते, बाहेरच्या भिंतीला छत मिळते त्या कोपऱ्यात, शेगडीच्या वर आणि कपाटामागे जास्त असते, कारण या जागा गार असतात किंवा तिथे हवा हलत नाही. काळी बुरशी तिथूनच सुरू होते. भिंतीच्या पायथ्याशी, गुडघ्या-कमरेपर्यंत ओल असेल आणि पांढरा लोणा लागला असेल तर ते पाणी जमिनीतून वर चढलेले आहे. त्याचा छताशी संबंध नाही.

तिसरी गोष्ट एक सोपी परीक्षा. छताचा ओला भाग कोरडा पुसून घ्या. हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक त्यावर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी खोलीतल्या हवेतले. प्लास्टिक आणि छत यांच्या मध्ये ओल आली तर पाणी स्लॅबमधून येते. नव्या स्लॅबला मात्र त्याच्या स्वतःच्या पाण्यामुळेही मध्ये ओल दिसते, हे ध्यानात ठेवा.

गळतीचीच खात्री करायची असेल तर गवंडी स्लॅबच्या कडेने मातीचा बांध घालून त्यात एक-दोन दिवस पाणी कोंडून ठेवतात. हे विहिरींना पाणी असताना, कोरड्या दिवसांत करावे. पण जुन्या, तडे गेलेल्या स्लॅबवर कधीही करू नये. १० बाय १२ फुटांच्या छतावर २ इंच पाणी म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त वजन होते. छताचे पोपडे पडत असतील, सळईच्या रेषेत गंजाचा तांबूस डाग दिसत असेल, प्लास्टर फुगले असेल तर मुलांना त्याखाली झोपवू नका आणि जाणकार माणसाला बोलवा. पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागी पाणी आले असेल तर आधी मेन स्विच बंद करा.

एकाच घरात दोन्ही प्रकारची ओल असू शकते. म्हणूनच पंधरा दिवस वहीत नोंद करावी. तारीख, वेळ, पाऊस होता का, शेगडी पेटली होती का, अंघोळी कुठे झाल्या, किती जण झोपले, खिडकी उघडी होती का, ओल कुठे होती. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यावे, किंवा भिंतीवर कोळशाने खुणा कराव्यात. पंधरा दिवसांनी ती वही समोर ठेवून बोलले की घरातल्या कोणालाही पायगुणाची भाषा करता येत नाही.

कारण कळले तरी उपाय लगेच होतोच असे नाही, हेही सांगायला हवे. वाफ घालवण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे खिडकी उघडणे. बैठकीत हे मी सांगते तेव्हा बायका एकमेकींकडे पाहतात. खिडकी रस्त्याकडे आहे, समोर पारावर पुरुष बसलेले असतात, घरात वयात आलेली मुलगी आहे. म्हणून खिडकी बंद राहते. अंघोळीसाठी बाहेर आडोसा नाही, म्हणून खोलीच्या कोपऱ्यातली मोरीच न्हाणी होते, आणि तीही सगळे उठायच्या आत, पहाटेच्या थंडीत. पाळीची कापडे उन्हात वाळत घालायची लाज, म्हणून ती छताखालच्या दोरीवर, लुगड्याच्या आड, अंधारात दमट राहतात. त्यातून होणारी खाज आणि जंतुसंसर्ग बाई मुकाट्याने सोसते. छताची ओल पाहायला गेले की घरातली आणि गावातली ही सगळी बंधने पुढे येतात. त्यामुळे "खिडकी उघडा" एवढे सांगून आपले काम संपत नाही. रस्त्याकडची खिडकी उघडता येत नसेल तर छतालगत, नजरेच्या वर, जाळीचा झरोका हवा. गरम वाफ वरच चढते, त्यामुळे तिथला झरोका खिडकीपेक्षाही कामाचा.

ओलीचा दोष राहणाऱ्यांवर टाकण्याची रीत फक्त खानदेशातली नाही. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशात काय घडले पाहा. रॉचडेल या गावात सुदानहून आलेले एक कुटुंब गृहनिर्माण संस्थेच्या एका बेडरूमच्या घरात भाड्याने राहत होते. घरात बुरशी आल्याची तक्रार वडिलांनी २०१७ मध्येच केली. त्यांना सांगण्यात आले की वरून रंग मारा. घरातली हवा बाहेर जाण्याची सोय धड नव्हती, पण संस्थेने कुटुंबाच्या राहणीला, अंघोळीच्या पद्धतीला दोष दिला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक श्वासाच्या विकाराने गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत स्पष्ट झाले की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने त्याचा जीव गेला. आईवडिलांनी पाठपुरावा केला, लोक मागे उभे राहिले आणि २०२३ मध्ये कायदा झाला. त्याच्या नावाने ओळखले जाणारे नियम ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. तिथे सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकाला आता ओल आणि बुरशीची तक्रार ठरलेल्या मुदतीत तपासावी आणि दूर करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने तर २००९ मध्येच ओल-बुरशी आणि दमा, श्वसनाचे विकार यांचा संबंध दाखवून मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. आपल्या बंद खोल्यांत क्षयाचा प्रसारही सोपा होतो, हे प्रत्येक आशा कार्यकर्ती सांगेल.

आपल्याकडे घरकुलाला मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये अनुदान २०१६ मध्ये ठरले. त्याच वेळी घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर झाले आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा असावी असे नियमातच लिहिले. घर बाईच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे करावे, असेही आहे. कागदावर हे चांगले आहे. पण हप्ता मिळण्यासाठी पायथ्याचा फोटो निघतो, छताचा निघतो. शेगडीची वाफ कुठून जाते याचा फोटो कोणी मागत नाही. नकाशा पुरुष आणि गवंडी ठरवतात. ओटा कुठे असावा, मोरी कुठे असावी, झरोका किती उंच असावा, हे जिच्या नावावर घर आहे तिलाही विचारले जात नाही.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आणि नेमक्या असाव्यात. ग्रामसभेत घरकुलांचा विषय येईल तेव्हा प्रत्येक घराला छतालगत समोरासमोर दोन जाळीचे झरोके आणि शेगडीच्या वर एक, एवढे मागू या. न्हाणी स्वतंत्र आणि दाराची मागू या. बांधणी चालू असताना सिमेंटची जाळी बसवणे हे थोडक्या खर्चाचे काम आहे, नंतर भिंत फोडून करणे महाग पडते. राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंच किंवा सदस्य असलेल्या मैत्रिणींनी हा ठराव मांडावा. घराच्या नोंदीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, पत्नीचेही नाव लावावे असे राज्य सरकारचे २००३ चे परिपत्रक आहे, तेही या निमित्ताने तपासून घ्यावे. घर नावावर नसले तरी त्यात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने दिला आहे. पण राहण्याच्या हक्कात त्या घरात निरोगी राहण्याचा हक्क येतो, हे आपल्यालाच बोलून दाखवावे लागणार आहे.

तोवर घरी करण्यासारखे काही आहे. पातेल्यावर झाकण ठेवा. अंघोळीचे पाणी शक्य असेल तर ओसरीत किंवा बाहेर तापवा. स्वयंपाक झाल्यावर घटकाभर तरी दार-खिडकी समोरासमोर उघडी ठेवा, ऊन वर आल्यावर तर नक्कीच. कपाट भिंतीपासून वितभर पुढे ओढा. पत्र्याखाली थोडी जागा सोडून बांबूचा तट्ट्या बांधला तर खोलीतली गरम हवा थेट गार पत्र्याला लागत नाही आणि थेंब कमी होतात. कापूस छताच्या ओल्या कोपऱ्याखाली रचू नका, भिंतीला टेकवूही नका. बुरशी पुसताना तोंडाला फडके बांधा आणि लहान मुलांना दूर ठेवा. ओलीवर ऑइल पेंट मारू नका, डाग झाकला जातो आणि ओल आत राहते. आणि पंधरा दिवसांची वही भरल्याशिवाय छतासाठी कर्ज काढू नका. ही शेवटची सूचना बचत गटांनी नियम म्हणूनच घ्यावी, असे मला वाटते. गटातली एक बाई कर्ज मागते तेव्हा दोघींनी जाऊन तिचे छत आधी पाहावे.

यातले बरेचसे काम पुन्हा बाईच्याच वाट्याला येते, याची मला जाणीव आहे. झाकण तिनेच ठेवायचे, वही तिनेच भरायची, बुरशी तिनेच पुसायची. म्हणून या कामात घरातल्या पुरुषांना ओढा. कपाट ओढणे, तट्ट्या बांधणे, झरोका पाडणे ही कामे त्यांनी करावीत. वही मात्र तुमच्याकडेच ठेवा. घरात काय घडते हे कोणाला ठाऊक आहे, हे त्या वहीवरून घरात सगळ्यांना कळेल.

या थंडीत भरलेल्या वह्या, किंवा त्यातली दोन पाने, आमच्याकडे पाठवा. नाव लिहिले नाही तरी चालेल. घर धाब्याचे, पत्र्याचे की स्लॅबचे, ओल कुठे आणि केव्हा, काय केले आणि काय झाले, एवढे कळवा. उन्हाळ्यात नव्या घरकुलांची कामे निघतील. त्याआधी तालुक्याच्या पंचायत समितीसमोर आपल्याला ही पाने ठेवायची आहेत.

सस्नेह,
संपादक मंडळाच्या वतीने